छोट्या डब्यात जास्तीचे ड्राइव्ह: ड्रिल हातात घेण्याआधी

ऑफिसांनी एकगठ्ठा काढून टाकलेले डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०५० एसएफएफ (म्हणजे छोट्या बांध्याचे कॉम्प्युटर) सध्या रिफर्बिश्डच्या दुकानांत थप्पीने दिसतात. साधारण २९ सेंटिमीटर लांब-रुंद आणि सव्वानऊ सेंटिमीटर जाड असा हा डबा आडवा ठेवला तर टीव्हीखाली मावतो. घरातले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, आईबाबांची स्कॅन केलेली कागदपत्रं हे सगळं ठेवायला यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचं यंत्र शोधून सापडत नाही. अडचण एकच. कंपनीने त्यात एक साडेतीन इंची ड्राइव्ह (हार्ड डिस्क) किंवा दोन अडीच इंची एवढीच सोय ठेवलीय, आणि आपल्याला हवेत दोन साडेतीन इंची, शिवाय एक एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेला छोटा ड्राइव्ह. मग पत्रा कापणं आलं. मी हे दोनदा केलंय, पहिल्यांदा वाईट आणि दुसऱ्यांदा बरं. दुसऱ्या वेळी कामाच्या आधी जी जमवाजमव केली तीच इथे सांगतो. डबा दुसऱ्या कंपनीचा असला तरी फार फरक पडणार नाही.

आधी पोटोबा, मग विठोबा. ड्राइव्ह बसेल कुठे हे सगळे विचारतात, तो खाणार कुठून हे कोणी विचारत नाही. डबा उघडून पॉवर सप्लायच्या वायरी नुसत्या डोळ्यांनी मागे मागे बघत जा. घरी जोडलेल्या पीसीत सप्लायमधून ड्राइव्हसाठी वायरींचा झुपका निघतो, तसा इथे नसतो. हा सप्लाय १८० वॅटचा, तो फक्त मदरबोर्डला १२ व्होल्ट देतो. ड्राइव्हला लागणारे ५ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो आणि एका छोट्या कनेक्टरमधून बारीक वायरीने बाहेर देतो. तुमचे सगळे ड्राइव्ह त्या एका वायरीच्या जिवावर चालणार आहेत.

आता कागदावर हिशेब मांडा. साडेतीन इंची ड्राइव्ह एकदा फिरायला लागला की पाच-सहा वॅटमध्ये भागतं, पण सुरू होताना तबकड्यांना गती द्यायला तो काही सेकंद १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर ओढतो. साटा (SATA, ड्राइव्ह जोडायची नेहमीची पद्धत) पॉवर कनेक्टरमध्ये प्रत्येक व्होल्टेजला तीन पिना, दर पिनेला दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार. दोन ड्राइव्ह एकदम सुरू झाले तर चारपर्यंत जातं. बसतं, पण काठावर. तिसरा साडेतीन इंची त्याच वायरीवर लावायचा विचार मनातूनच काढून टाका. एसएसडीचं काही नाही, ती ५ व्होल्टवर थोडक्यात भागवते. आणि दोनपेक्षा जास्त ड्राइव्ह हवेच असतील तर १२ आणि ५ व्होल्ट दोन्ही देणारा वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो, तो कॉम्प्युटरच्या आधी चालू करावा लागतो, आणि तिथून पुढे छोट्या डब्याचा छोटेपणा संपतो. मग सरळ मोठी कॅबिनेट घेतलेली बरी, असं माझं मत.

पॉवरचा स्प्लिटर (एका कनेक्टरचे दोन करणारी वायर) घेताना कनेक्टरचं बूड बघा. प्लास्टिक ओतून वायरी आत गाडलेला कनेक्टर घेऊ नका. आत तार सरकलेली असली तर दिसत नाही, आणि असे कनेक्टर वितळल्याच्या, जळाल्याच्या तक्रारी जगभर आहेत. वायर वरून दाबून बसवलेली आणि मागची टोपी उघडता येते तो प्रकार घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानदारापुढे टोपी उघडून बघायला लाजायचं नाही. त्याच फेरीत हीट श्रिंक (गरम केली की वायरीवर आवळून बसणारी नळी), झिप टाय, रबरी वायसर आणि सीआर २०३२ चा सेल घेऊन टाका. यंत्र २०१७ च्या पिढीचं आहे, बोर्डावरचा सेल शेवटचे दिवस मोजत असणार, आणि एवीतेवी बोर्ड बाहेर निघणारच आहे.

एक्स्टर्नल डिस्कचं कवच फोडून आतला ड्राइव्ह वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट. अशा काही ड्राइव्हना तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट मिळाले की ते सुरूच होत नाहीत. पॉवरच्या वायरीत केशरी तार नसेल, फक्त पिवळी, लाल आणि काळी असतील, तर ही भानगड सहसा येत नाही. केशरी असेल तर मोबाईल रिपेअरवाल्याकडून बोटभर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न जाऊ देणारी पिवळसर टेप) आणून ती पिन झाका. ड्राइव्ह मेला म्हणून परत करायला निघण्याआधी एवढं करून बघा.

मग जागा. इथे मोजपट्टीवर विश्वास ठेवू नका. साडेतीन इंची ड्राइव्ह म्हणजे १४७ बाय १०१.६ बाय २६.१ मिलिमीटर. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, थर चिकटवून बरोबर या मापाचा ठोकळा करा आणि त्याच्या एका टोकाला अजून अडीच-तीन सेंटिमीटरचं शेपूट जोडा. हे शेपूट म्हणजे कनेक्टर आणि वळणारी वायर. माझा पहिला डाव इथेच फसला होता, ड्राइव्ह बसला पण वायर लावली की झाकण फुगायचं. हा खोटा ड्राइव्ह हातात घेऊन डब्यात फिरा. ग्राफिक्स कार्ड नसेल तर कार्डांच्या स्लॉटवरची जागा रिकामी असते, तिथे आडवा धरा. झाकण लावा. डीव्हीडी आणि मूळ ड्राइव्हची चौकट वर उचलून परत खाली दाबा. कुठे खरखर लागली तर पुठ्ठ्यावर वळ उमटतो, तिथे पेनाने खूण करा. काटकोनी साटा वायर घ्यायचीच झाली तर ती वर वळते की खाली, हे याच ठोकळ्यावर ठरवा. दोन्ही प्रकार मिळतात आणि हटकून उलटा घरी येतो.

बोर्डावरचे साटा पोर्टही आत्ताच मोजून ठेवा. एक डीव्हीडीने अडवलेला असतो, तो मोकळा करायचाय. डीव्हीडीच्या जागी साडेनऊ मिलिमीटरचा कॅडी (डीव्हीडीच्या मापाची, आत ड्राइव्ह धरणारी चौकट) लागतो, पावणेतेरा मिलिमीटरचाही बाजारात मिळतो आणि दुकानदार तोच पुढे करतो. कॅडीत सात मिलिमीटर जाडीची एसएसडी बसते. तिथल्या बारक्या कनेक्टरमध्ये ५ व्होल्टच असतात, त्यामुळे तिथून वायर काढून मोठा ड्राइव्ह चालवायची युक्ती चालत नाही. पोर्ट कमी पडले तर एएसएम १०६४ चिपचं चार पोर्टांचं कार्ड असतं, पण कार्डाच्या जागेवर ड्राइव्ह झोपवला की कार्ड कुठे लावणार? दोन्हीपैकी एक आधी ठरवा. वेगाची चिंता करू नका, घरचं गिगाबिट नेटवर्क सेकंदाला ११० एमबीच्या आसपास थांबतं आणि एकटा ड्राइव्हही तेवढं सहज देतो.

धातूकामाची तयारी स्वस्तात होते. दीड मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी आणि अँगलचे तुकडे स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे कोपऱ्यात पडलेले असतात, चहाच्या पैशांत देतो. हँड ड्रिल, कानस, सेंटर पंच, पक्कड. पंच नसेल तर काँक्रीटचा खिळाही चालतो, पण खूण न ठोकता भोक पाडू नका, पत्र्यावर ड्रिल घसरतंच. ड्राइव्ह पाऊण किलोच्या आतबाहेर असतो, म्हणून पट्टीला दोन्ही टोकांना आधार हवा आणि मध्ये रबरी वायसर, नाहीतर रात्री टीव्हीखालून घूं घूं ऐकू येतं. स्क्रूंत गोंधळ नको. साडेतीन इंचीला ६-३२ चे जाड आट्यांचे स्क्रू लागतात, अडीच इंचीला एम ३. एम ३ मोठ्या भोकात सैल लोंबतो, आणि जाडा स्क्रू छोट्या भोकात जबरदस्तीने घातला की आटे गेले. भोकांचं माप घेताना तुमचाच ड्राइव्ह उलटा करून घ्या, कारण मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच ड्राइव्हना मधली भोकं नसतात.

बोर्ड बाहेर काढल्याशिवाय ड्रिल चालवायचं नाही. हे मी ऐकलेलं होतं तरी पहिल्या वेळी वर्तमानपत्र पसरून, बोर्ड झाकून काम उरकलं. झाकण लावलं, बटण दाबलं, तर केशरी दिवा लुकलुकतोय आणि स्क्रीन काळी. दीड तास रॅम काढघाल केल्यावर टॉर्चच्या उजेडात रॅमच्या स्लॉटमध्ये पत्र्याचा केसाएवढा कीस चमकला. चिमट्याने निघाला, यंत्र चालू झालं, नशीब थोर. तेव्हापासून कानाला खडा. बोर्ड काढायचा, ड्रिल बाहेर गॅलरीत, नंतर ओला कपडा, मग ब्रश, आणि शेवटी टेपचा चिकट भाग कोपऱ्याकोपऱ्यांत दाबायचा. बोर्ड काढताना प्रत्येक वायरीचा फोटो, विशेषतः पंखा आणि झाकणाच्या स्विचचा. पंखा जागेवर नसला तर बायोस (सिस्टिमच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) सुरू होतानाच अडून बसतं आणि एफ १ दाबा म्हणतं. टीव्हीखालच्या यंत्राला कीबोर्ड कोण लावणार?

ड्राइव्हची परीक्षा डब्यात बसवण्याआधी, दुसऱ्या कॉम्प्युटरवर. स्मार्टमध्ये (SMART, ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवतो ती नोंद) खराब जागांच्या ५, १९७ आणि १९८ या ओळींतले आकडे शून्य हवेत. १९९ वाढत असेल तर ड्राइव्हला दोष देण्याआधी वायर बदला. रिकाम्या ड्राइव्हवर बॅडब्लॉक्स या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमची, सगळा ड्राइव्ह लिहून-वाचून बघणारी चाचणी चालवायची तर वेळ काढून ठेवा: चार टीबीचा ड्राइव्ह, सेकंदाला सरासरी १५० एमबी, एका फेरीला साडेसात तास आणि अशा आठ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ अडीच दिवस. ही चाचणी ड्राइव्हवरचं सगळं पुसते, हे दोनदा वाचा. तुमच्याकडे महावितरण गुरुवारी लाईट घालवत असेल तर शुक्रवारी सुरू करा. विकत घेताना मॉडेल नंबर सीएमआरचा (तबकडीवरच्या रेघा शेजारी शेजारी, एकमेकींवर न चढलेल्या) आहे ना हे तपासा. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही ड्राइव्हमध्ये एसएमआर (रेघा एकमेकींवर चढवलेलं, लिहायला संथ) तंत्र असल्याचं उघड झालं, तेव्हापासून नुसत्या रंगावर जाण्यात अर्थ नाही.

बायोसमध्ये दोनच गोष्टी. साटा ऑपरेशन बहुधा ‘RAID On’ वर असतं, ते AHCI (ड्राइव्हशी थेट बोलायची साधी पद्धत) वर न्या, पण नवीन सिस्टिम टाकण्याआधी, नंतर बदललं तर जुनी विंडोज उठत नाही. आणि एसी रिकव्हरी पॉवर ऑनवर, म्हणजे लाईट आली की यंत्र आपोआप जागं होतं.

झाकण लावल्यावर दिवसभर तापमान बघत राहा. या डब्यातला पंखा मुख्यतः प्रोसेसर किती तापलाय त्यावर वेग ठरवतो, ड्राइव्ह भाजतोय हे त्याला कळत नाही. चाळीसच्या आसपास असेल तर सोडून द्या. मे महिन्यात पन्नास ओलांडत असेल तर दोन ड्राइव्हमधली फट वाढवा किंवा बायोसमध्ये पंख्याचा वेग चढवा. मी फट बोटभर वाढवली, ४९ वरून ४३ वर आलं. निघालेली डीव्हीडी, जुने स्क्रू आणि ती मूळ चौकट झिपच्या पिशवीत घालून डब्याच्या मागेच टेपने चिकटवलीय, कारण हा डबा उद्या विकायचा झाला तर गिऱ्हाईक पहिलं तेच मागणार.