एबीएस मॉड्युल: बदलण्याआधी काय तपासायचं, आणि खरंच गेलं असेल तर काय करायचं

मीटरमधला पिवळा एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा विझेनासा झाला की बऱ्याच गॅरेजांत एकच निदान मिळतं: "भाऊ, मॉड्युल गेलं तुमचं. नवीनच टाकावं लागते." नवं मॉड्युल म्हणजे बहुतेक गाड्यांना पाच आकडी बिल. कधी कधी ते भरल्यावरही दिवा तसाच राहतो, कारण उंदरानं मागच्या चाकाच्या सेन्सरची वायर कुरतडलेली असते. म्हणून या लेखात तपासणीच जास्त आहे आणि खोलण्याचं काम त्या मानानं कमी. गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या.

आधी हे युनिट कसं असतं ते बघू. बोनेटखाली ब्रेकच्या धातूच्या नळ्या ज्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात शिरतात, तो हायड्रॉलिक भाग. त्यात व्हॉल्व्ह आणि पंप असतात, आणि पंपाची गोल मोटर एका बाजूला बसवलेली असते. दुसऱ्या बाजूला काळा प्लॅस्टिकचा डबा आणि त्याला वायरी जोडणारा मोठा कपलर दिसतो. तो इलेक्ट्रॉनिक भाग, म्हणजे आपलं मॉड्युल. कित्येक गाड्यांत हा डबा ठोकळ्यापासून वेगळा काढता येतो. तसा निघाला तर ब्रेक ऑइलची नळी उघडावी लागत नाही, आणि निम्मं काम तिथेच वाचतं.

दिवा कधी लागतो, ते बघा

चावी फिरवल्यावर दिवा काही सेकंद लागून विझतो, ती त्याची स्वतःची चाचणी. चावी फिरवल्यापासून तो विझतच नसेल तर सप्लाय, फ्यूज, तुटलेली वायर किंवा मॉड्युल यांच्यावर संशय घ्या. सुरुवातीला विझून गाडी थोडी पळाल्यावर पुन्हा लागत असेल तर बहुतेक वेळा एखाद्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर किंवा त्यासमोर चाकाबरोबर फिरणारी रिंग दोषी निघते. अनेक गाड्यांत वेगाची माहिती एबीएसकडूनच मीटरला जाते, त्यामुळे स्पीडोमीटरचा काटा पडला तर तो दोष वेगळा समजू नका.

फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. सोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला तर आधी हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा. दोन्ही ठीक असूनही दोन्ही दिवे पेटलेलेच असतील तर मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या ट्रकांमध्ये अशी गाडी चालवू नका, टो करून न्या.

बॅटरी, फ्यूज, अर्थिंग

नागपूरचा मे महिना बॅटरीचं आयुष्य खातो, आणि व्होल्टेज पडलं की एबीएस स्वतःला बंद करून घेतं. मल्टिमीटर लावा. गाडी काही तास उभी असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ हवे. स्टार्टर मारताना १० च्या बरंच खाली जात असेल तर आधी बॅटरीचं बघा, मॉड्युलचं नंतर.

एबीएसला बहुधा दोन मोठे फ्यूज बोनेटखालच्या बॉक्समध्ये असतात, एक पंपाच्या मोटरचा आणि एक व्हॉल्व्हचा. शिवाय एक छोटा फ्यूज केबिनमध्ये असतो. जागा मॅन्युअलमध्ये सापडेल. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा टाका. जास्त अँपिअरचा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

अर्थिंग फार कमी लोक तपासतात. इग्निशन चालू ठेवून मॉड्युलच्या अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट खोला, गंज घासा, घट्ट करा. पावसाळ्यानंतर लागलेले काही दिवे एवढ्यावरच विझतात.

कोड वाचा, पण योग्य स्कॅनरनं

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीतले दोष तपासायच्या) सॉकेटला लागणारे स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनाचेच दोषाचे कोड वाचतात. एबीएसमध्ये शिरणारा स्कॅनर हवा, म्हणजे ब्रेकचे 'सी' ने आणि संपर्काचे 'यू' ने सुरू होणारे कोड दिसतील. बर्डीच्या बाजारातून डोंगल आणून "काही दोष नाही" असं वाचून खूश होऊ नका. स्वतःचा स्कॅनर नसेल तर स्कॅनिंग करणाऱ्याकडे जा, पण कोडचा फोटो घ्या. "मॉड्युलचाच आहे" हे तोंडी उत्तर पुरेसं नाही.

कोड पुसा, गाडी थोडी चालवा, पुन्हा वाचा. परत येतो तोच खरा. मग लाइव्ह डेटा उघडून सरळ रस्त्यावर २०-३० च्या वेगात चारही चाकांचे आकडे बघा. गाडी दुसऱ्यानं चालवावी. तीन चाकं २५ दाखवतात आणि एक शून्यावर आहे, किंवा गाडी थांबण्याआधीच शून्यावर येतं, तर दोष त्या चाकापाशी आहे. मॉड्युल निर्दोष समजा.

चाकापाशी काय बघायचं

जॅकबरोबर स्टँडही लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका. सेन्सरची वायर पूर्ण लांबी बोटांनी चाचपा. चाक जिथे वळतं आणि वायर क्लिपमध्ये धरलेली असते, तिथे ती आतून तुटते, वरून साबूत दिसते. सेन्सरच्या टोकावर लोखंडाचा बारीक चुरा जमतो, तो पुसून काढा. दातेरी रिंग असेल तर दात तुटलाय का, गंजानं फुगलाय का ते बघा.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण एक ते दोन किलोओहम येतो, आणि चाक हातानं फिरवल्यावर मल्टिमीटर एसीवर ठेवून काही मिलिव्होल्ट दिसतात. नव्या गाड्यांतल्या सक्रिय सेन्सरला मात्र ओहम लावून काही कळत नाही. कपलर काढून त्याला मॉड्युलकडून सप्लाय येतोय का, एवढं बघा.

आणि दिवा चाकाचं बेअरिंग बदलल्यापासूनच लागला असेल तर बेअरिंगवरच संशय घ्या. हल्ली बऱ्याच बेअरिंगांच्या एका सीलमध्येच चुंबकीय रिंग असते आणि ती सेन्सरच्या बाजूला यायला हवी. मिस्त्रीनं बेअरिंग उलटं ठोकलं तर चाक मजेत फिरतं, पण सेन्सरला काहीच दिसत नाही.

मॉड्युलच गेलं हे कधी मानायचं

कपलरच्या पिनांवर सप्लाय आणि अर्थ दोन्ही बरोबर आहेत, तरी स्कॅनर एबीएसशी बोलत नाही आणि दुसरी मॉड्युलं यू०१२१ म्हणजे एबीएसशी संपर्क तुटल्याचा कोड देतात, तेव्हा मॉड्युलवर बोट ठेवता येतं. त्याआधी बॅटरी काढून ओबीडीच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास हवा. नसेल तर मॉड्युलांना एकमेकांशी जोडणाऱ्या कॅनच्या वायरिंगमध्ये दोष शोधा.

पंपाच्या मोटरला थेट सप्लाय दिल्यावर ती फिरते, पण कोड मोटरच्या सर्किटचाच येतो, हीसुद्धा मॉड्युलची खूण. गाडी बंद असताना पंप घुरघुरत राहणं ही आणखी एक, त्यात रात्रीत बॅटरी उतरते. दुपारी तापल्यावर दिवा लागतो आणि सकाळी विझलेला असतो, हे ड्राय सोल्डरचं (आतला सोल्डरचा जोड सैल झाल्याचं) किंवा आतल्या बारीक तारा सुटल्याचं लक्षण असू शकतं.

मग तीन मार्ग. नवं मॉड्युल गाडीच्या चेसिस नंबरप्रमाणे कोडिंग (स्कॅनरनं गाडीची माहिती त्यात भरणं) करून घ्यावं लागतं. सेकंडहँड स्वस्त, पण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा आणि बऱ्याचदा कोडिंग तरीही लागतंच. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या. पाण्यातून निघालेला भाग विकत घेऊ नका. कपलरच्या पिनांवर हिरवट गंज दिसला तर परत करा. माझं मत विचाराल तर तिसरा मार्ग बरा: आपलंच मॉड्युल ईसीयू (गाडीचे इलेक्ट्रॉनिक डबे) दुरुस्त करणाऱ्याकडे द्यायचं. तेच परत बसत असल्यानं बहुधा कोडिंग लागत नाही. देण्याआधी पार्ट नंबर आणि सीरियलचा फोटो घ्या, वॉरंटी लेखी मागा. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर मात्र ते उघडू देऊ नका. आत केसाएवढ्या अॅल्युमिनियमच्या तारा असतात, साध्या सोल्डरिंगनं जुळत नाहीत.

काढणं आणि बसवणं

बॅटरीचा निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा. जागेचे फोटो घ्या. कपलरचा लॉक उचलून तो सरळ ओढा. आत ब्रेक ऑइल दिसलं तर थांबा. व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल डब्यात शिरलंय, म्हणजे हायड्रॉलिक भागच गळतोय. तो तसाच ठेवून डबा दुरुस्त केला तर पैसे वाया जातील.

डब्याचे टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू काढा आणि डबा सरळ मागे ओढा. त्यातल्या कॉइल व्हॉल्व्हच्या दांड्यांवर चढलेल्या असतात, म्हणून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर दोन्हीकडचं मोडतं. उघड्या दांड्यांवर स्वच्छ प्लॅस्टिक बांधा आणि मॉड्युल परत येईपर्यंत गाडी उभीच ठेवा.

डबा चिकटवलेला असेल किंवा जागाच नसेल तर पूर्ण युनिट काढावं लागतं, ब्रेकच्या नळ्या सोडाव्या लागतात. इथून पुढे ते घरचं काम नाही. एअर काढताना पंपातल्या अडकलेल्या हवेसाठी स्कॅनरची एबीएस ब्लीडिंग आज्ञा लागते, ती नसेल तर पेडल स्पंजसारखं दबत राहतं. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातलं. ते हवेतला ओलावा शोषतं, रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

बसवताना दांड्या कोरड्या कापडानं पुसा, गॅस्केट खराब असेल तर नवं घ्या, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. कपलर लावून लॉक बसल्याची खात्री करा, मग बॅटरी जोडा. कोड पुसा. दिवा लागून विझला पाहिजे. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागल्यावर सावरणारी यंत्रणा) असेल तर काही गाड्यांना स्टिअरिंग सेन्सरचं कॅलिब्रेशनही करून घ्यावं लागतं.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक आहे का बघा. मग मिहान औद्योगिक भागातला मोकळा, कोरडा रस्ता गाठा. मागे कुणी नाही हे बघून आधी २० वर आणि मग ४० वर जोरात ब्रेक मारा. दुसऱ्या वेळी पेडल पायाखाली थरथरायला आणि खरखरीत आवाज यायला हवा. पहिल्या आठवड्यात दिवा परत लागला तर कोड पुन्हा वाचून जुन्या फोटोशी ताडून बघा. तोच असेल तर मॉड्युल वॉरंटीत दुरुस्तीला परत जाईल. चाकाच्या सेन्सरचा असेल तर पुन्हा चाकापासून सुरुवात करा.