जुन्या स्पीकरसाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधीची तयारी

अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे फोनचा किंवा टीव्हीचा बारीक आवाज स्पीकर वाजवण्याइतका मोठा करणारा डबा. तो शेवटी घ्यायचा. आधी माळ्यावरचे स्पीकर खाली उतरवा, ओल्या फडक्याने नाही तर कोरड्या कापडाने पुसा आणि पुढची जाळी हलक्या हाताने काढा. एक कागद-पेन्सिल, एक साधा मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र), एक पेन्सिल सेल आणि टॉर्च जवळ असू द्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पण हा अर्धा तास दिला नाही तर हजारो रुपये चुकीच्या डब्यात जातात. आमच्या घरी वडिलांचे दोन लाकडी स्पीकर होते. मी ते न तपासता आधी अ‍ॅम्प्लिफायर मागवला होता, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगतोय.

जाळी काढल्यावर मोठ्या स्पीकरचा कोन, म्हणजे मधला हलणारा शंकू, आणि त्याच्याभोवतीची कडा बघा. कडा रबराची किंवा कापडाची असेल तर बहुतेक शाबूत असते. फोमची असेल तर बोट लावताच भुगा होऊ शकतो, कारण फोम साधारण १५-२० वर्षांत आपोआप कुजतो, मग स्पीकर वापरात असो वा नसो. आमच्या डाव्या स्पीकरची कडा बोटाला चिकटून आली होती, ओल्या बिस्किटासारखी. घाबरू नका. डीजे आणि बँडवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर सोलापुरात मिळतात, ते नवी कडा बसवून देतात. त्याचा खर्च मात्र अ‍ॅम्प्लिफायरच्या बजेटमध्ये आधीच धरा. आता तीन बोटं कोनावर सारखी टेकवून हळूच आत दाबा. खरखर ऐकू आली तर आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, घासतेय. मग अ‍ॅम्प्लिफायर कितीही चांगला आणला तरी गाणं फाटकंच ऐकू येणार. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाजवळ घर असेल तर टॉर्च मारून सुताचे बारीक तंतूही बघा. ते जाळीच्या मागे थर करून बसतात, मऊ ब्रशने काढता येतात.

मग मल्टिमीटर. तो ओहमवर (तारेचा रोध मोजायचं माप) ठेवून स्पीकरच्या मागच्या दोन टोकांना लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ४. आकडा छापील आकड्यापेक्षा कमी येतो म्हणून स्पीकर खराब समजू नका, मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. कागदावर दोन्ही स्पीकरचे आकडे लिहा. दोघांत मोठा फरक असेल तर आधी कारागिराकडे जा.

पेन्सिल सेल कशासाठी, तर लाल (अधिक) आणि काळी (उणे) तार ओळखायला. जुन्या तारांचे रंग उडालेले असतात, काहींना दोन पिनांचा जुना प्लग असतो. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा आणि काढा. मोठ्या स्पीकरचा कोन बाहेर उडी मारत असेल तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार ती लाल. आत गेला तर उलटं. दोन्ही स्पीकर सारखे जोडले नाहीत तर ढोलकीचा, तबल्याचा खालचा आवाज गायब होतो आणि माणूस विनाकारण अ‍ॅम्प्लिफायरला दोष देत बसतो.

देवळातले किंवा लाउडस्पीकरवाल्यांकडचे भोंगे, कॉलम बॉक्स हाती आले असतील तर थांबा. त्यांत बऱ्याचदा १०० व्होल्टच्या लाइनसाठी, म्हणजे लांबवर तार नेऊन बरेच भोंगे वाजवायच्या पद्धतीसाठी, ट्रान्सफॉर्मर असतो. ते घरगुती छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला तसेच जोडायचे नाहीत.

इथपर्यंत कागद भरला की मग अ‍ॅम्प्लिफायरकडे वळा. हाताच्या पंजाएवढे जे डबे मिळतात ते बहुतेक क्लास डी प्रकारचे असतात. त्यांतली वीज बहुतांशी आवाजात जाते, उष्णतेत कमी वाया जाते, म्हणून मोठे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे) लागत नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात ही मोठीच सोय आहे. तरीही काचेच्या शोकेसमध्ये बंद करून ठेवू नका, चारी बाजूंनी हवा लागू द्या.

वॉटच्या आकड्याकडे नीट बघा, फसवणूक इथेच होते. मी घेतलेल्या पहिल्या डब्यावर मोठ्या अक्षरात ६०० वॉट लिहिलं होतं आणि सोबत १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर दिला होता. १२ गुणिले २ म्हणजे २४. भिंतीतून २४ वॉट येत असतील तर ६०० बाहेर कुठून येणार? अ‍ॅडॅप्टरचे व्होल्ट-अँपिअर आणि स्पीकरचे ओहम हेच आकडे खरी गोष्ट सांगतात. ८ ओहमच्या स्पीकरला १२ व्होल्टवर प्रत्येकी साधारण ७-८ वॉट मिळतात, १९ व्होल्टवर २० च्या आसपास, २४ व्होल्टवर ३० च्या आसपास. स्वस्त डब्यांत टीपीए ३११६ ही चिप फार दिसते. तिच्या नावापुढचा ५० वॉट हा आकडा २१ व्होल्टला आणि ४ ओहमच्या स्पीकरसाठी आहे. तुमच्या कागदावर ८ ओहम लिहिलं असेल तर तो आकडा तुमचा नाही.

आणि खरं सांगायचं तर तेवढ्याची गरजही नसते. जुने मोठे बॉक्स कमी ताकदीतही चांगले वाजतात. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे २० चे ४० केले तर कानाला थोडासाच फरक जाणवतो. मधल्या खोलीत बसून ऐकायला १९ ते २४ व्होल्टचा चांगला अ‍ॅडॅप्टर आणि २० ते ३० खरे वॉट भरपूर झाले. म्हणून दोन डब्यांत निवड करायची वेळ आली तर चांगला अ‍ॅडॅप्टर असलेला घ्या. अ‍ॅडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असावं, म्हणजे विजेचा चढउतार तो सोसतो. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही बघा. घरात जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर पडून असेल आणि डब्यावर तेवढे व्होल्ट चालतील असं लिहिलं असेल, पिन आणि तिची अधिक-उणे बाजूही जुळत असेल, तर तोही उत्तम चालतो.

गाणं डब्यापर्यंत कसं पोचणार, हे घरातल्या माणसांवर ठरवा. ब्लूटूथ स्वस्त आणि सोपं, पण फोन घेऊन तुम्ही गच्चीवर गेलात की गाणं तुटतं, आणि मेसेजची टिंग-टिंग स्पीकरवर वाजते. वाय-फायचा स्ट्रीमर असेल तर गाणं तो स्वतः इंटरनेटवरून घेतो, फोन फक्त रिमोटसारखा राहतो. आई-बाबांना सकाळी अभंग लावायचे असतील तर मला वाय-फाय बरं वाटतं, पण त्याचे पैसे जास्त. मधला रस्ताही आहे. कपाटातला जुना फोन हेडफोनच्या जॅकने अ‍ॅम्प्लिफायरला कायमचा जोडून ठेवायचा. त्यावर गाण्यांचं अ‍ॅप आणि आकाशवाणीचं अ‍ॅप टाकायचं. चार्जर लावल्यावर घूं-घूं आली तर ऐकताना चार्जर काढा. म्हणून डब्याला ब्लूटूथशिवाय ऑक्सची, म्हणजे अशी तार लावायची, जागा आहे ना, हे बघून घ्या. टीव्हीही जोडायचा असेल तर ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेची) जागा असलेली बरी. सबवूफरची (फक्त खालचा आवाज देणारा वेगळा स्पीकर) जागा नसली तरी बिघडत नाही.

तार साध्या तांब्याची, १ चौरस मिलिमीटरची पुरते. ती घ्यायला नवी पेठेच्या बाजारात जाण्याआधी दोरीने अंतर मोजा आणि दोन्ही बाजूंना हातभर जास्त घ्या. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. या छोट्या डब्यांची डावी आणि उजवी काळी तार एकत्र जोडायची नाही. जुन्या वायरिंगमध्ये दोन्ही स्पीकरला एकच काळी तार असेल तर ती बदला, नाहीतर डबा पहिल्याच दिवशी जाऊ शकतो.

खोलीचंही थोडं बघा. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असल्या की आवाज घुमतो. समोरच्या भिंतीवर आपली सोलापुरी चादर दुहेरी करून टांगा, जमिनीवर सतरंजी टाका. आमच्याकडे गायकाचे शब्द यानेच सुटे ऐकू आले, अ‍ॅम्प्लिफायर बदलून नाही.

पहिल्यांदा लावताना आवाजाचं बटण पूर्ण खाली ठेवा, आधी तारा जोडा आणि शेवटी वीज सुरू करा. ओळखीचं एकच गाणं दोन-तीनदा ऐका, डावा-उजवा तपासा. परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं फेकू नका. आणि तो कागद, ओहमचे आकडे आणि लाल तारेची खूण असलेला, स्पीकरच्या मागे चिकटपट्टीने लावून टाका.