न्हाणीमागचा दयाळ आणि निळा पिंप

पक्ष्यांचे फोटो काढायला लागले तेव्हा पहिलं वर्षभर माझ्याकडे फक्त पार्श्वभाग जमा झाले. दयाळाची शेपटी, सातभाईंची पाठ, उडून गेलेल्या तांबटाची मोकळी फांदी. लालबुड्या बुलबुलाच्या बाबतीत तेवढं खपून गेलं, कारण त्याची ओळख तिथूनच पटते!

आमचं घर चिपळूणपासून तासाभरावर. मागे न्हाणी, तिचं सांडपाणी केळीच्या आळ्यात, पुढे चार-पाच माड, कढीपत्ता, शेवगा, जास्वंद आणि मग चिऱ्याचा गडगा. पक्षी भरपूर. चूक माझी होती. आवाज आला की चूल सोडून कॅमेरा उचलायचा आणि त्या दिशेने धावायचं. मी पोचेपर्यंत पक्षी पलीकडच्या वाडीत.

मग एका एप्रिलात पाय मुरगळला आणि तीन आठवडे मागच्या पडवीत बसून काढावे लागले. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते वर्षभरात कळलं नव्हतं. सकाळी घरातल्यांच्या अंघोळी आटपल्या की पावणेसातच्या सुमाराला दयाळाचा नर यायचा. आधी गडग्याच्या एका ठरावीक चिऱ्यावर, मग शेपटी दोनदा उभारायची, मग खाली ओल्या मातीत. किडा उचलला की परत त्याच चिऱ्यावर. चिरा त्याच्या विष्ठेने पांढरा झाला होता आणि मी रोज तिथूनच जात-येत होते. म्हणून नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच, की पंधरा दिवस कॅमेरा कपाटात ठेवा आणि एक वही घ्या. कोण, किती वाजता, कुठे बसतो, कुठून येतो. पांढरे डाग शोधा. पक्ष्याच्या मागे न जाता तो येणार आहे तिथे आधीच जाऊन बसायचं.

बसायचं म्हणजे खाली. मी स्वयंपाकघरातला पाट घेते. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी वरून दिसतो, जमिनीला चिकटलेला, आणि मागे सगळा चिखल. पाटावर बसलं की लेन्स त्याच्या डोळ्याच्या पातळीला येते. माझ्या जुन्या फोटोंत मागे निळा प्लॅस्टिकचा पिंप आहे. पावसाळी पाणी साठवायचा पिंप, दर तिसऱ्या फोटोत. डोळ्याला तो दिसायचाच नाही, कारण मी पक्ष्याकडे बघत असायचे. शेवटी पिंप हलवला नाही, पाटच दोन हात उजवीकडे सरकवला. आता दयाळाच्या मागे वीस फुटांवर केळीची पानं येतात आणि सगळं मऊ हिरवं होऊन जातं. पक्षी आणि मागचं झाड यांत अंतर जितकं जास्त, तितकी पार्श्वभूमी विरघळते. यासाठी महागडी लेन्स लागतेच असं नाही.

माझी लेन्स सत्तर-तीनशे मिमीची झूम आहे, वापरलेली. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमी म्हणजे साधारण ४५० मिमीसारखी चौकट मिळते. परसात पक्षी दहा-बारा फुटांवर येतो, तेवढ्याला ती पुरते. वापरलेली लेन्स घेताना मात्र टॉर्च घेऊन जा. मी पहिली घेतली ती दुकानदाराने ‘एकदम नव्यासारखी’ म्हणून दिली. घरी आल्यावर पाठीमागून उजेड मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कोकणातल्या पावसात बुरशी धरायला वेळ लागत नाही. आता जून ते सप्टेंबर कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहतो.

सेटिंगबद्दल फार बोलत नाही, थोडक्यात सांगते. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग १/५०० सेकंद पुरतो. शिंजीर जास्वंदीवर असेल तर १/१००० च्या खाली उतरू नका, आणि पाण्यात पंख फडफडवणाऱ्या बुलबुलाला १/२००० सुद्धा कमी पडतं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढायला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकसचा ठिपका डोळ्यावर. दयाळाने मला रडवलं ते वेगळ्या कारणाने. काळा पक्षी, मागे सावली, म्हणून कॅमेरा सगळंच उजळ करतो आणि पंखावरचा पांढरा पट्टा चुन्यासारखा जळून जातो. तिथे एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कॅमेऱ्यातल्या भरपाईच्या सेटिंगने उणे ०.७ किंवा १ करायचं. तोच दयाळ टीव्हीच्या अँटेनावर बसून गात असेल तर उलट, मागचं आकाश उजळ असतं म्हणून अधिक १.

पाणी ठेवा. दाणे ठेवण्यापेक्षा पाणी बरं. दाण्यांवर आमच्याकडे कावळे आणि पारवेच जमले. मातीचं पसरट परळ, पाणी दोन बोटं, मध्ये एक खडबडीत दगड. रोज घासून पाणी बदलायचं, नाहीतर डासांची सोय होते. परळाच्या शेजारी आंब्याची वाळकी फांदी रोवली, कारण बहुतेक पक्षी सरळ पाण्यात उतरत नाहीत. आधी फांदीवर बसून मांजर तर नाही ना, ते बघतात. फोटो त्या फांदीवरचाच मिळतो.

आता जे सांगायला जड जातं ते. कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला शिंजिराच्या मादीने घरटं लोंबकळत बांधलं होतं. कोळ्याची जाळी, वाळकी पानं, सालींचे तुकडे. तोंडाशी कृष्णकमळाच्या वेलाची दोन पानं आडवी येत होती, म्हणून मी ती खुडली. फोटो छान आला. दोन चोची, पिवळ्या कडांच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज तारेखाली होता आणि घरटं फाटलेलं. त्या पानांमुळेच ते इतके दिवस झाकलेलं राहिलं होतं. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी-घरटी डिवचणं शिकारीच्या व्याख्येतच येतं, हे नंतर वाचलं. घरटं दिसलं तर कॅमेरा खाली ठेवा आणि कपडे दुसरीकडे वाळत घाला. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही तसंच. ऐन विणीत हद्द राखायची म्हणून तो बिचारा सगळं सोडून भांडायला येतो.

बिघडलेले फोटो मात्र लगेच पुसू नका. दर फेब्रुवारीत चार दिवस परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते, भारतात ती २०१३ पासून चालू आहे. किमान १५ मिनिटं एका जागी बसून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची. तिथे ओळख पटवायला धूसर फोटोही कामाला येतो. माझा एक नाचणाचा फोटो नुसती पंख्यासारखी शेपटी आहे, पण ओळख पक्की.

सासूबाईंना सुरुवातीला हे सगळं खूळ वाटायचं. “अगो, आमटी उतू चालल्ये, त्या पाखराला घर आहे त्याचं,” असं ऐकलंय मी कितीदा. मिरगाच्या आधी आमच्याकडे नवरंग येतो. पाचोळ्यात उड्या मारत किडे शोधतो, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो आणि मला चार वर्षांत एकदाच सापडलाय, तोही अर्धा, खराट्याच्या मागे. गेल्या जूनमध्ये पहाटे उठून सलग आठ दिवस पाटावर बसले. नवव्या दिवशी झोप लागली. चहाला उठले तर सासूबाईंनी माझी वही पुढे केली. त्यांच्या मोडीसारख्या अक्षरात लिहिलं होतं: “६.१०. नवरंग. परळावर बसून पाणी प्यायला. बराच वेळ.”