मुलांना घेऊन सिटी बसची फेरी : सीबीटी ते सांब्रा

सुट्टीच्या दिवशी मुलांना कुठे न्यावे, या प्रश्नाला आमच्या घरी ठरलेले उत्तर आहे : बेळगावच्या सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर जायचे, सांब्र्याची बस धरायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहायचे. वडगाव, अनगोळ, हिंडलगा, येळ्ळूर यांपैकी कोणतीही बस चालेल. मात्र पहिल्या फेरीसाठी मी सांब्राच सुचवीन, कारण तेथे विमानतळ आहे आणि शहर मागे पडून मुतग्याच्या बाजूने शेते सुरू होताना खिडकीतून दिसतात.

खर्चाचा हिशेब निघण्यापूर्वीच करावा. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेखाली कर्नाटकातील रहिवासी महिला व मुलींना राज्याच्या साध्या सरकारी बसमधून राज्यांतर्गत प्रवास मोफत आहे. सहा वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे लागते. आमच्या चौघांत मी आणि अकरा वर्षांची मुलगी शून्य तिकिटावर, तिचे बाबा पूर्ण आणि आठ वर्षांचा मुलगा अर्ध्या तिकिटावर, म्हणजे एकूण दीड तिकिटात सहल होते. यासाठी कर्नाटकाचा पत्ता असलेले आधार कार्डासारखे सरकारी ओळखपत्र जवळ हवे, मुलीचेही. चंदगडहून आलेल्या आत्याबाईंच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असतो, त्यामुळे त्यांना तिकीट काढावे लागते. ही गोष्ट कंडक्टरसमोर उभे राहून कळण्यापेक्षा घरीच सांगितलेली बरी. शून्य रुपयांचे असले तरी तिकीट मागून घ्यावेच, आणि चेकर चढेल या हिशेबाने उतरेपर्यंत जपून ठेवावे. मुलांच्या हाती दिले तर पाच मिनिटांत त्याची सुरळी होते.

सुटे पैसे घरूनच घेऊन निघावे. मोठी नोट दिली की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतात, आणि मुलांना खाली उतरवण्याच्या गडबडीत ती मागायची राहून जाते. एकदा सांब्र्याला उतरल्यावर मुलाने तिकीट उलटे करून ‘आई, हे ऐंशी काय?’ असे विचारले, तोवर बस परत फिरून निघून गेली होती. तेव्हापासून तिकिटाच्या मागचा आकडा लक्षात ठेवण्याचे काम त्याच्याकडेच आहे.

गाडीवरची पाटी कन्नडमध्ये असते. आमच्या पिढीतले अनेक जण चौकशी खिडकीवर किंवा शेजारच्या माणसाला विचारूनच बस शोधतात; मराठी शाळेतल्या मुलांना मात्र कन्नड हा विषय असतोच. म्हणून पाटी वाचण्याचे काम मुलांवर सोपवावे. ‘वडगाव’ पाटीवर ‘वडगावि’ असते आणि बेळगाव ‘बेळगावि’, हे आमच्या मुलीने आजीला समजावून सांगितले, तेव्हा तिचा चेहरा गुणपत्रिका दाखवतानाही इतका खुललेला नव्हता. धाकट्यांसाठी नंबर प्लेट पुरेशी आहे : के ए 22 म्हणजे बेळगाव, के ए 25 म्हणजे धारवाड, आणि एफ हे अक्षर सरकारी बसचे.

बसमध्ये पुढच्या जागा महिलांसाठी असतात, त्यामुळे बहुधा आई आणि मुले पुढे व वडील मागे अशी विभागणी होते. कोणत्या मुलाला कोणी उतरवायचे हे चढण्यापूर्वीच ठरवावे. खिडकीतून हात बाहेर काढू देऊ नये, आणि ज्या मुलाला गाडी लागते त्याला अगदी मागच्या बाकावर बसवू नये, कारण गतिरोधकांचे धक्के तेथेच सर्वांत जास्त बसतात.

सांब्र्याची धावपट्टी 1942 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने बांधली, एवढे मुलांना वाटेत सांगता येईल. येथे विमाने दिवसभर येत नाहीत. म्हणून उतरणाऱ्या विमानाची वेळ आदल्या दिवशीच पाहून त्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे, नाहीतर रिकाम्या आकाशाकडे बघत चुरमुरे संपतात. चुरमुरे आणि पाण्याची बाटली सोबत असावीच.

निघण्यासाठी सकाळी अकराच्या सुमाराची वेळ चांगली. त्याआधी गर्दीत मुलांना उभे राहावे लागते. परत सीबीटीवर आल्यावर मुलांच्या पायांत जोर शिल्लक असेल, तर चालत जाण्याच्या अंतरावरील किल्ल्यात कमल बस्ती दाखवावी. 1204 मध्ये बांधलेल्या या जैन मंदिराच्या छतात कोरलेले दगडी कमळ मान वर करून बघण्यात मुले बराच वेळ रमतात. घरी जाण्याची बस मात्र संध्याकाळी पाचच्या आत धरावी. त्यानंतर बसायला जागा मिळत नाही आणि पेंगुळलेले मूल कडेवर घेऊन उभे राहावे लागते.