जुन्या ट्रकची चेक लाईट लागली? सेन्सर बदलायच्या आधी मल्टीमीटर लावा

भावांनो, बीएस-३ आणि बीएस-४ (सरकारचे धुराचे नियम) च्या कॉमन रेल गाड्या, म्हणजे एकाच हाय प्रेशर रेलमधून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या, आता जुन्या झाल्यात (बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ ला लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६), त्यामुळे वायरिंग कडक झालंय, कप्लरचे (वायरिंगच्या जोडाचे) लॉक तुटलेत, आणि रोज कुणाची तरी गाडी घाटात पिकअप सोडते. मग गॅरेजवाला स्कॅनर लावतो, स्कॅनरवर रेल प्रेशर सेन्सर दिसतो, सेन्सर बदलला जातो, पैसे जातात आणि दोन दिवसांनी लाईट परत येते. हे होऊ नये म्हणून लिहितोय. ज्यांच्या गाडीला जुना मेकॅनिकल पंप आहे त्यांना यातलं बॅटरी आणि अर्थचं तेवढं कामाचं.

मुख्य गोष्ट एकच आहे, फॉल्ट कोड पार्ट सांगत नाही, सर्किट सांगतो. ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) एका वायरवर भलताच व्होल्टेज दिसला एवढंच त्याचं म्हणणं असतं. तो सेन्सरमुळे, वायर तुटल्यामुळे, कप्लरमध्ये पाणी गेल्यामुळे की खरंच इंजिनात काही झाल्यामुळे, हे त्याला कळत नाही, ते आपण शोधायचं.

म्हणून कोड आला की आधी मोबाईलवर फोटो काढा आणि मगच क्लिअर करा. ट्रकमध्ये बऱ्याचदा एसपीएन आणि एफएमआय असे दोन आकडे येतात. एसपीएन म्हणजे कुठली गोष्ट, जसं ११० कूलंट टेम्परेचर, १०० ऑइल प्रेशर, १०२ बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), १५७ रेल प्रेशर, ९१ ॲक्सिलेटर पेडल. एफएमआय म्हणजे काय बिघाड. बरेच जण फक्त पहिला आकडा बघतात पण खरी माहिती दुसऱ्यात आहे. ३ असेल तर व्होल्टेज जास्त, ४ असेल तर व्होल्टेज कमी, ५ म्हणजे सर्किट ओपन, २ म्हणजे सिग्नल उड्या मारतोय. हे सगळे इलेक्ट्रिकल, आधी वायरिंग बघायचं. आणि ० किंवा १ आला तर सेन्सर बहुतेक खरं बोलतोय, म्हणजे ११० सोबत ० असेल तर इंजिन खरंच गरम झालंय, सेन्सर काढत बसू नका, पाणी, फॅन आणि रेडिएटर बघा.

आता सुरुवात बॅटरीपासून. २४ व्होल्टची गाडी, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. दोन्ही वेगवेगळ्या मोजा, रात्रभर उभ्या गाडीवर प्रत्येकी १२.५ च्या आसपास पाहिजे. आपल्याकडे एक गोष्ट सर्रास होते, टेप नाहीतर मोबाईल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात, मग ती बॅटरी कायम उतरलेली आणि दुसरी ओव्हरचार्ज होते, दोन्ही लवकर जातात आणि सेल्फ मारताना ईसीएमला पुरेसा व्होल्टेजच मिळत नाही. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा, बॅटरीपेक्षा खूप स्वस्त पडतो. सेल्फ मारताना व्होल्टेज १८ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, केबल आणि सेल्फ बघा, बाकी सगळं नंतर. गाडी चालू असताना २७.५ ते २८.५ च्या दरम्यान पाहिजे.

त्यानंतर अर्थ, आणि इथे घाई करू नका कारण जुन्या गाडीत निम्मी भुतं इथेच असतात. अर्थ ओहमवर तपासू नका, केबलचा एक तार शिल्लक असला तरी मीटर शून्यच दाखवतो पण लोड आला की तो तार टिकत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी किंवा केबल खराब. तसंच चेसिसवर करा. ईसीएमच्या अर्थ पिनवर चावी ऑन असताना जवळपास शून्यच पाहिजे. बोल्ट काढून गंज घासा, रंग खरवडा, परत कसून आवळा, पट्टी हिरवी पडली असेल तर सरळ नवीन टाका.

मग पाच व्होल्ट. प्रेशर सेन्सरला साधारण तीन वायर असतात, एक ५ व्होल्टची, एक अर्थची आणि एक सिग्नलची. हे ५ व्होल्ट ईसीएम देतो आणि एकाच लाईनवर बऱ्याचदा दोन-तीन सेन्सर असतात. म्हणून एकदम चार कोड आले की चार सेन्सर गेले असं समजू नका, बहुतेक एकाने आतून शॉर्ट होऊन सगळी लाईन खाली ओढलेली असते, चाळीत एका घराने नळाला मोटर लावली की बाकीच्यांचं पाणी जातं तसं. चावी ऑन करा, मीटर ५ व्होल्टच्या पिनवर ठेवा आणि एकेक सेन्सरचा कप्लर काढत जा, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तोच चोर. सगळे काढूनही आले नाहीत तर वायर कुठेतरी घासून चेसिसला लागलीय. या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका आणि २४ चा जंपर तर नाहीच, ईसीएम जाऊ शकतो. वायरला टाचणी टोचायची सवय पण सोडा, पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरून तांबं आतून कुजतं. कप्लरच्या मागून बारीक प्रोब सरकवा.

टेम्परेचर सेन्सर सगळ्यात सोपा. दोन वायर, थंड असताना रेझिस्टन्स जास्त, गरम झाल्यावर कमी, बऱ्याच सेन्सरमध्ये २० डिग्रीला अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० ला तीनशेच्या आसपास. स्कॅनर लावून कप्लर काढा, रीडिंग मायनस ४० च्या जवळ जायला पाहिजे. मग वायरिंगकडच्या कप्लरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा, रीडिंग एकदम वर जायला पाहिजे. दोन्हीकडे हललं तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, सेन्सर बदला. हललंच नाही तर नवीन सेन्सर घेऊन काही होणार नाही. अजून एक, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी फक्त चावी ऑन करून कूलंट, हवा आणि डिझेलचं टेम्परेचर बघा, रात्रभर उभ्या गाडीत तिन्ही जवळपास सारखीच पाहिजेत, जो वेगळा बोलतो त्याच्यावर संशय घ्या.

बूस्ट सेन्सरचं पण असंच, इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला पाहिजे, मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या आसपास. बंद गाडीत बरोबर आणि लोडवर कमी दाखवत असेल तर इंटरकूलरचा पाईप फाटलाय का ते बघा. सेन्सरच्या तोंडावर काजळी असेल तर हलक्या हाताने साफ करा.

आता रेल प्रेशर, ज्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. चावी ऑन, इंजिन बंद, रेल रिकामी असताना सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास पाहिजे. तो बरोबर असेल आणि कोड प्रेशर कमी असल्याचा असेल (काही स्कॅनरवर पी ००८७ येतो) तर सेन्सर नाही, डिझेल बघा. फिल्टर जाम, वॉटर सेपरेटरमध्ये पाणी, टाकीतल्या सक्शन पाईपची जाळी चोक, पाईपमधून हवा ओढतेय, नाहीतर नोझलचं रिटर्न (परत जाणारं डिझेल) जास्त. रिकाम्या गाडीत ठीक चालते आणि कसारा किंवा खंबाटकी चढताना भरलेली दबते ही ओळखच त्याची, कारण लोडवर डिझेल जास्त लागतं आणि तेवढं पोचत नाही. आणि एक हात जोडून विनंती, चालू इंजिनमध्ये हाय प्रेशर पाईपचा नट कधीच सैल करू नका, गळती हाताने चाचपू नका. आत १६०० बारपर्यंत प्रेशर असतं, ती धार कातडी फोडून आत जाते, वरून टाचणीएवढं भोक दिसतं पण हात कापायची वेळ येऊ शकते. तसं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

सेल्फ फिरतो पण गाडी लागत नाही, आणि स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएम शून्यच दिसतो, तर इंजिनचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर बघा. काढून टोक पुसा, लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो. दोन वायरचा असेल तर साधारण काही शे ते हजार ओहम मिळतात, तीन वायरच्या हॉल सेन्सरला ओहम लावू नका, त्याचा सप्लाय आणि सिग्नल बघा. गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर लागते अशी गाडी असेल तर गरम असतानाच मोजा.

डॅशबोर्डच्या मीटरवर काटे एकदम डावी-उजवीकडे उड्या मारत असतील किंवा सगळे एकदम पडत असतील तर कॅन लाईन (ईसीएम आणि डॅशबोर्ड ज्यावर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी, हाय आणि लो) तपासा. बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटवर कॅन हाय आणि लोमध्ये मोजा (नऊ पिनच्या गोल सॉकेटला सी आणि डी, सोळा पिनच्याला बहुतेक ६ आणि १४), ६० ओहम पाहिजेत. १२० आले तर लाईनच्या एका टोकाचा रेझिस्टर किंवा तिथली वायर तुटलीय, शून्याजवळ आले तर वायरी एकमेकींना लागल्यात.

बॉडीचं किंवा चेसिसचं वेल्डिंग करायचं असेल तर दोन्ही बॅटऱ्यांच्या केबल आणि ईसीएमचे कप्लर काढूनच करा, वेल्डिंगची अर्थ जिथे काम आहे तिथेच जवळ लावा. धुताना प्रेशरचा पाईप कप्लरवर मारू नका.

ईसीएम गेला असं कुणी म्हणालं तर आधी त्याला विचारा की ईसीएमचे सगळे फ्यूज, रिले, चावीचा सप्लाय आणि अर्थ लोडवर मोजले का. मोजले असतील आणि खरंच बदलायचा असेल तर जुना तसाच फेकू नका, त्यातला डेटा काढता आला तर काढून ठेवा आणि नोझलवर कोड छापलेले असतील तर त्यांचे सिलेंडरच्या क्रमाने फोटो काढा, नवीन ईसीएममध्ये ते भरावे लागतात.