जुन्या इंग्रजी गाण्यांचा रेडिओ कार्यक्रम करताय? या चुका टाळा

पुण्यातील एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी गेली काही वर्षे दर आठवड्याला तासभर जुन्या रॉक आणि पॉप गाण्यांचा कार्यक्रम करतो. निवेदन मराठीत असते आणि गाणी साधारणपणे १९५५ ते १९८५ या काळातील इंग्रजी असतात. आमचे श्रोते संख्येने थोडे असले तरी कानाने फार तिखट आहेत. कॅम्पातील पारशी आणि गोवन कुटुंबे, निवृत्तीनंतर वानवडीला स्थायिक झालेले फौजी अधिकारी, आणि कॉलेजच्या वसतिगृहात कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर ही गाणी पहिल्यांदा ऐकलेले पेठांतले व कोथरूडचे आजी-आजोबा, असा हा वर्ग आहे. या मंडळींनी वेळोवेळी फोन करून माझ्या ज्या चुका पदरात घातल्या, त्याच येथे लिहीत आहे. त्यांतील बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. जुन्या गाण्याच्या श्रोत्याच्या कानात शब्द आणि चाल यांच्याबरोबर ते विशिष्ट ध्वनिमुद्रणही बसलेले असते, गायकाने कुठे श्वास घेतला आणि ढोल किती मागून ऐकू येतो यासकट. निवेदक मात्र गाण्याचे नाव जुळले की काम झाले असे समजतो.

नाव तेच, गायक तोच, तरी गाणे दुसरेच

सुरुवातीच्या काळात मी रॉय ऑर्बिसनचे ‘ओन्ली द लोन्ली’ वाजवले. गाणे संपायच्या आत कॅम्पातील एका काकांचा फोन आला. ते म्हणाले, “अहो, हा रॉयच आहे, पण म्हातारा रॉय आहे. आमचा तरुण होता.” मी यादी पुन्हा पाहिली, गायकाचे नाव बरोबर होते, म्हणून मी नम्रपणे माझीच बाजू मांडली. घरी जाऊन दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी लावल्यावर काकांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. मूळ गाणे १९६० मधले, ऑर्बिसन चोविशीत असतानाचे. आणि माझ्याकडचे होते ते त्याने आपली जुनी गाजलेली गाणी पुन्हा गाऊन १९८७ मध्ये काढलेल्या संग्रहातले. पुढच्या कार्यक्रमात मी आधी दिलगिरी व्यक्त केली आणि मग मूळ गाणे लावले.

हा प्रकार अपवादात्मक नाही. गायकाने कंपनी बदलली की जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी जुन्या कंपनीकडे राहते. मग नवी कंपनी त्याच गायकाकडून तीच गाणी नव्याने गाऊन घेते आणि मुखपृष्ठावर ‘सर्वोत्कृष्ट’ असे छापून विकते. एव्हरली बंधू १९६० मध्ये केडन्स कंपनी सोडून वॉर्नर ब्रदर्सकडे गेले आणि १९६४ मध्ये वॉर्नरने त्यांचा जो निवडक संग्रह काढला, त्यातील केडन्सच्या काळातली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली होती. स्वस्तातल्या सीडी आणि मोबाइलवरील गाण्यांची ॲप अशा आवृत्त्यांनी भरलेली असतात. ‘रिमास्टर्ड’ आणि ‘री-रेकॉर्डेड’ या दोन शब्दांत गल्लत करू नये. पहिल्यात मूळ टेपच साफसूफ केलेली असते, दुसऱ्यात गाणे नव्याने गायलेले असते, आणि कित्येकदा हा दुसरा शब्द कुठेही छापलेला नसतो.

ओळखण्याच्या खुणा थोड्या सरावाने सापडतात. ॲपवर दिसणारे साल बहुतेक वेळा संग्रहाचे असते, त्यामुळे त्यावर विसंबू नये. गाण्याची लांबी मूळ तबकडीशी ताडून पाहावी. दहा-पंधरा सेकंदांचा फरक दिसला की संशय घ्यावा. साठच्या दशकाच्या आरंभीच्या गाण्यात ढोलाचा आवाज मोठ्या रिकाम्या दालनात घुमावा तसा येत असेल, तर तो बहुधा ऐंशीच्या दशकातला स्टुडिओ असतो. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे संपूर्ण गाणे कार्यक्रमाआधी हेडफोन लावून ऐकणे. आपण पहिली वीस सेकंदे ऐकून पुढे सरकतो आणि नेमके तिथेच फसतो.

‘मूळ गाणे’ हा शब्द जपून वापरा

याच्या उलटी चूकही होते. श्रोत्याला एल्विस प्रेस्लीचे १९५६ मधले ‘हाउंड डॉग’ आठवते, म्हणून निवेदक त्यालाच मूळ गाणे म्हणून मोकळा होतो. बिग मामा थॉर्नटन या गायिकेचे ध्वनिमुद्रण त्याच्या तीन वर्षे आधी, १९५३ मध्ये बाजारात आले होते. ‘ट्विस्ट अँड शाऊट’ बीटल्सनी १९६३ मध्ये गायले. त्याआधी १९६२ मध्ये आयझ्ली ब्रदर्सनी ते गाजवले होते आणि त्याच्याही आधी, १९६१ मध्ये, ते टॉप नोट्सनी गायले होते. निवेदनात “बीटल्सच्या आवाजात” एवढेच म्हटले तर खोटे काही बोलले जात नाही आणि श्रोत्याला हवे ते गाणेही मिळते. कधीतरी दोन्ही आवृत्त्या लागोपाठ लावाव्यात. मी थॉर्नटन आणि प्रेस्ली असे एकामागून एक लावले, त्या दिवशी वानवडीच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी फोनवर अर्धा तास घेतला; त्यांना दोन्ही आवडले नव्हते, पण त्यांनी दोन्ही नीट ऐकले होते.

तबकडी, सुई आणि दोऱ्याएवढी तार

मूळ ध्वनिमुद्रण मिळवण्यासाठी अनेक जण बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जाऊन तबकड्या घेऊन येतात. हौस चांगलीच आहे, पण घरी आणलेली तबकडी लगेच वाजवू नये. पुण्याचा पावसाळा चार महिने चालतो आणि बंद कपाटातल्या तबकडीच्या खोबणीत बुरशीचे पांढरे ठिपके बसतात. ते तसेच ठेवून सुई लावली की ती वाळूवरून चालल्यासारखी कुरकुरते. विनाइलची तबकडी शुद्ध केलेल्या पाण्यात दोन थेंब सौम्य साबण घालून, मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने पुसावी, मधले लेबल ओले होऊ देऊ नये आणि तबकडी उभी ठेवून सावलीत वाळवावी. लाखेच्या जुन्या तबकडीला मात्र स्पिरिट लावू नये, कारण लाख त्यात विरघळते.

लाखेच्या तबकड्या म्हणजे आपल्या आजोबांचे नाट्यसंगीत, असा समज असेल तर तोही सोडावा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या पाश्चात्त्य देशांत मागे पडल्यानंतरही आपल्याकडे निघत राहिल्या आणि बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ च्या तबकड्यांवर विकली गेली. अशी तबकडी हाती लागली, तर एल.पी.च्या, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या विनाइल तबकडीच्या, सुईने ती वाजवणे ही मोठी चूक आहे. एल.पी.ची सुई टोकाशी साधारण १८ ते २५ मायक्रॉनची असते आणि ७८ च्या तबकडीला ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. बारीक सुई रुंद खोबणीच्या तळाशी जाऊन घासते, त्यामुळे गाणे कमी आणि खरखर जास्त ऐकू येते, शिवाय सुईही झिजते.

टर्नटेबल मिक्सरला जोडल्यावर सतत ‘हूं’ असा खालचा स्वर येत असेल, तर तो बहुतेक वेळा ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचा असतो आणि टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार मिक्सरच्या स्क्रूला लावायची राहिलेली असते. दोऱ्याएवढी ती तार पाहून आम्ही तीन आठवडे तिला निकामी समजत होतो आणि नवे टर्नटेबल घ्यावे की काय, याच्या बैठका घेत होतो.

वेगाकडेही लक्ष द्यावे. टर्नटेबलचा किंवा कॅसेट प्लेअरचा पट्टा सैलावला की गाणे हळू पडते आणि स्वर खाली उतरतो. तीन टक्क्यांचा फरक म्हणजे जवळजवळ पाव स्वराचा फरक, आणि तो ज्याने गाणे शेकडो वेळा ऐकले आहे त्याला बोचतो. विश्वासार्ह डिजिटल प्रतीशी लांबी ताडून पाहिली की हे लगेच उघडकीला येते. लेबलवर छापलेली लांबी मात्र प्रमाण मानू नये. रेडिओवाले लांब गाणी लावत नाहीत म्हणून निर्माता फिल स्पेक्टर याने १९६४ मध्ये रायटियस ब्रदर्सच्या पावणेचार मिनिटांच्या गाण्याच्या लेबलवर मुद्दाम तीन मिनिटे पाच सेकंद छापून घेतले होते. ते लेबल पाहून बातम्यांच्या आधी गाणे बसवणाऱ्या निवेदकांचे काय झाले असेल, याची कल्पना मी अनुभवाने करू शकतो.

एका कानात गायक, दुसऱ्या कानात वाद्ये

स्टिरिओ म्हणजे अधिक चांगले, हा समज जुन्या गाण्यांच्या बाबतीत बऱ्याचदा चुकीचा ठरतो. बीटल्सचे पहिले दोन एल.पी. १९६३ मध्ये दोन ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित झाले. एका ट्रॅकवर मुख्यतः वाद्ये आणि दुसऱ्यावर गळे. त्यांच्या स्टिरिओ आवृत्तीत वाद्ये एका बाजूला आणि गाणारे दुसऱ्या बाजूला पडतात. एकदा आमच्या मिक्सरची उजवी केबल सैल झाली आणि साडेतीन मिनिटे केवळ वाद्ये प्रक्षेपित झाली. एका काकूंनी फोन करून विचारले, “आज कराओके ठेवलंय का?” केबल शाबूत असली, तरी एकच इअरफोन कानात घालून फिरायला जाणाऱ्या श्रोत्याची तीच गत होते.

अशा गाण्यांसाठी मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली, आवृत्तीच घ्यावी. बीटल्सच्या मोनो ध्वनिमुद्रणांचा संच २००९ मध्ये पुन्हा निघाला आहे. बीच बॉइजचा १९६६ मधला ‘पेट साउंड्स’ हा एल.पी. तर मुळात मोनोमध्येच तयार झाला होता, कारण तो घडवणाऱ्या ब्रायन विल्सनला एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हते. त्याची खरी स्टिरिओ आवृत्ती १९९७ मध्ये आली. १९६६ ची आठवण जागवायची असेल, तर १९९७ ची आवृत्ती लावून कसे चालेल?

आवाजाच्या पातळीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर नव्वदच्या दशकानंतरच्या रिमास्टर प्रती मूळ सीडींपेक्षा पुष्कळ मोठ्या आवाजात बसवलेल्या असतात. त्यामुळे आवाजाचे सर्वोच्च टोक जुळवून भागत नाही. सरासरी जाणवणारी पातळी मोजून, म्हणजे लाउडनेस मीटर वापरून, सगळी गाणी एका पातळीवर आणावीत.

निवेदकाचे तोंड

येथे माझ्यासह सर्वांचे अपराध आहेत. गाण्याचे शेवटचे सूर विरत असताना बोलायला सुरुवात करणे हा पहिला. ‘हे ज्यूड’ सात मिनिटांहून मोठे आहे आणि त्यातील जवळजवळ चार मिनिटे शेवटचा समूहस्वरच चालतो. वेळ कमी पडली म्हणून तो कापायचा असेल, तर ते गाणे त्या दिवशी घेऊच नये. त्याऐवजी अडीच मिनिटांचे दुसरे घ्यावे. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ साडेसहा मिनिटांचे आहे आणि शेवटची दोन मिनिटे गिटारच आहेत. त्या गिटारवर बोललेल्या निवेदकाला पुणेकर क्षमा करत नाहीत, हे मी खात्रीने सांगतो.

दुसरा अपराध म्हणजे ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर’, ‘सुवर्णकाळाच्या सफरीवर’ अशा वाक्यांचा. आठवण श्रोत्याची असते, तिला आपण बाहेरून हळवेपणा चिकटवू नये. एव्हरली बंधूंच्या गाण्यापूर्वी मी पूर्वी एक मिनिटभर निरागस तारुण्याविषयी बोलत असे. आता एवढेच म्हणतो: “नॅशव्हिल, १९५७. खालचा आवाज डॉनचा आहे, वरचा फिलचा. दोघांना शेवटपर्यंत वेगळे काढता येते का, ते पाहा.” यामुळे श्रोता गाण्याकडे वळतो आणि निवेदकही पंधरा सेकंदांत बाजूला होतो. गाण्याच्या ओळींचे मराठी भाषांतर वाचून दाखवण्याचा मोहही टाळावा. प्रेमगीताचे शब्द गद्यात सांगितले की ते सोसायटीच्या सूचनेसारखे वाटू लागतात.

तिसरा अपराध खास आपल्या भागातला आहे. क्वीन या बँडचे कोणतेही गाणे लावताना त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवत असे, ही माहिती पुण्यातला प्रत्येक निवेदक सांगतो. माहिती खरी आहे, पण ती वर्षातून एकदा सांगितली तरी पुरते. त्याऐवजी गायक क्लिफ रिचर्ड १९४० मध्ये लखनौला जन्मला किंवा ‘कुंग फू फायटिंग’ या १९७४ च्या गाण्याचा निर्माता बिद्दू बेंगळुरूचा, असे काहीतरी निघाले, तर ऐकणारा निदान कान टवकारतो.

जुने म्हणजे फुकट नव्हे

साठ वर्षे उलटली म्हणजे गाणे मोकळे झाले, असे अर्धवट ज्ञान रेडिओच्या वर्तुळात फिरत असते. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, हे खरे आहे. परंतु शब्द आणि चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो आणि रचना दोघांची असेल, तर शेवटी मरण पावणाऱ्याच्या निधनापासून ही मुदत मोजली जाते. बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनी यांच्या जोडनावाच्या रचनांचे उदाहरण घेतले, तर मॅकार्टनी हयात असल्याने ती मोजणी सुरूही झालेली नाही. म्हणून ध्वनिमुद्रणाची परवानगी आणि रचनेची परवानगी या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात आणि केंद्राने दोन्हींची कागदपत्रे एकाच फायलीत ठेवावीत.

प्रक्षेपणासाठी कायद्याच्या कलम ३१-ड मध्ये २०१२ पासून वैधानिक परवान्याची, म्हणजे मालकाची वेगळी संमती न घेता ठरलेले शुल्क भरून गाणे वाजवण्याची, सोय आहे. ती रेडिओसाठी आहे, म्हणून इंटरनेटवरही चालेल असे गृहीत धरू नये. मागणीनुसार गाणी ऐकवणाऱ्या इंटरनेट सेवांना ती लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. आम्ही एकदा संपूर्ण भाग जसाच्या तसा इंटरनेटवर चढवला होता आणि संध्याकाळपर्यंत तो उतरवावा लागला. आता तिथे निवेदन तेवढे ठेवतो आणि प्रत्येक गाण्याच्या जागी गायक, साल, मोनो की स्टिरिओ आणि कोणत्या तबकडीवरून घेतले, एवढे लिहितो. कॅम्पातले काका ती यादी तपासतात आणि चूक सापडली की सोमवारी सकाळी फोन करतात.