कोळ्याचं रेशीम भिजवताना टोकं बांधायची की मोकळी सोडायची?

कोळ्याच्या धाग्यावर पाणी, अल्कोहोल, वाफ असं काहीही वापरणार असाल, तर आधी ठरवा: टोकं बांधलेली असतील की मोकळी? पुढची ताकद बरीचशी यावरच ठरते.

धागा प्रथिनाचा असतो. त्यात ॲलनिन या अमिनो आम्लाच्या साखळ्यांचे काही नॅनोमीटर आकाराचे टणक स्फटिक असतात आणि त्यांच्यामध्ये ग्लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाने युक्त, अस्ताव्यस्त साखळ्या. कोळी धागा ओढतो तेव्हा या साखळ्या ताणल्या जाऊन तशाच अडकतात. पाणी आत शिरलं की त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात आणि साखळ्या गुंडाळल्या जातात. स्फटिक मात्र शाबूत राहतात. मोकळा धागा त्यामुळे आक्रसतो, कधीकधी निम्मा होतो. याला सुपरकॉन्ट्रॅक्शन म्हणतात.

धागा जाळ्यातून उचलू नका. गोल वेटोळ्यांना चिकट थेंब असतात. कोळी ज्याला लटकतो तो ड्रॅगलाइन हवा. सह्याद्रीत आढळणाऱ्या नेफिला पिलीपेस या मोठ्या कोळ्याची मादी त्यासाठी उत्तम. तिला मऊ स्पंजवर जाळीच्या कापडाखाली अलगद धरा. मागचे पाय बाजूला राहतील हे पाहा, नाहीतर ती धागा तोडते. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करू नका, त्याने धाग्याचे गुणधर्मच बदलतात. १० सेंमी परिघाचं रीळ मिनिटाला ६ ते १२ फेरे फिरवा, म्हणजे वेग सेकंदाला १ ते २ सेंमी पडतो. वेग सगळ्या नमुन्यांना एकच ठेवा: जोरात ओढलेला धागा ताठ होतो आणि कमी ताणतो. काम झालं की कोळ्याला जिथून आणलं तिथेच सोडा.

जाड कार्डाच्या चौकटीत २० मिमीची खिडकी कापून धागा सुपरग्लूने चिकटवा. एकाच कोळ्याच्या सलग धाग्याचे तीन गट करा: कोरडा, बांधून भिजवलेला, मोकळा भिजवलेला. भिजवायला डिस्टिल्ड पाणी, ५ मिनिटं. मोकळ्या धाग्याची लांबी आधी आणि नंतर मोजा, मग सुकवून आखूड झालेल्या लांबीतच चौकटीवर चिकटवा. बांधलेला धागा भिजताना स्वतःच ताण निर्माण करतो.

ताकद मोजायला महाग यंत्र नसलं तरी चालेल. धागा उभा टांगा, चौकटीच्या बाजू कापा आणि खाली कागदाचे तुकडे वाढवत जा. ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या) कागदाचा २ × २ सेंमी तुकडा ३० मिलीग्रॅमचा असतो. ताकद म्हणजे तुटतानाचा भार भागिले छेदाचं क्षेत्रफळ, ती गिगापास्कलमध्ये मोजतात. ४ मायक्रॉन जाडीचा एक तंतू साधारण १ गिगापास्कलला तुटला, तर भार सव्वा ग्रॅमच्या आसपास येतो. ड्रॅगलाइनमध्ये बहुधा दोन तंतू शेजारीशेजारी असतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. एकच धरलात तर ताकद दुप्पट निघेल.

याहून मोठी चूक व्यासाची. लांबी निम्मी झाली की छेदाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं. भाराला जुन्या व्यासाच्या क्षेत्रफळाने भागलं तर मोकळ्या भिजवलेल्या धाग्याची ताकद खोटी जास्त दिसते. नवा व्यास मोजा, किमान पाच ठिकाणी, कारण व्यासातली १० टक्के चूक क्षेत्रफळात सुमारे २० टक्के होते. आखूड झालेला धागा ओला असताना रबरासारखा ताणतो. त्याला हव्या लांबीपर्यंत ओला ताणून, धरून सुकवला तर ताठरपणा परत येतो. लांबी कमीजास्त करून हवा तेवढा लवचीक धागा मिळवण्याचा हा सर्वात सोपा उपाय आहे.

निर्जंतुकीकरणासाठी ७० टक्के अल्कोहोल वापरताना त्यात ३० टक्के पाणी आहे हे विसरू नका, टोकं बांधा. शुद्ध इथेनॉलमध्ये आकुंचन कमी होतं. ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) १२१ अंशांच्या वाफेतही चौकट हवीच. तुतीच्या रेशमासारखं सोडा-साबणात उकळू नका: तिथे सेरिसिनचा डिंक काढायचा असतो, ड्रॅगलाइनवर तो नसतो, आणि अल्कली प्रथिनावरच घाव घालते. उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली फार वेळ ठेवलेला धागा कमकुवत होतो.

पावसाळ्यात कोकणात हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की मोकळा धागा पाण्याच्या थेंबाशिवायही आक्रसू लागतो. नमुने चौकटीसकट सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा, आणि प्रत्येक चाचणीच्या वेळची आर्द्रता वहीत लिहा.